प्रायमरवर थांबलेली गाडी

दादा,

थकलोय. हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही गेल्यापासून गॅरेजचं शटर मीच उघडतो, मीच लावतो आणि मधल्या वेळात जो येईल त्याला तुम्ही कसे गेलात ते सांगतो. गाडी सोडायला आलेल्याला, हवा भरायला आलेल्याला, नुसतं सावलीत उभं राहायला आलेल्यालाही. आता सांगताना आवाज हलत नाही, शब्द ठरून गेलेत. त्याचंच वाईट वाटतं. म्हणून ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माहीतच आहे.

लिहायचंय ते तुमच्या कॉन्टेसाबद्दल. नावड्याच्या आपल्या गॅरेजमागच्या शेडमध्ये ती तुम्ही ठेवली तशीच उभी होती. लांब नाक, रुंद बसकण, आणि अंगावर नुसता राखाडी प्रायमर. हल्लीची पोरं तिला देशी मसल कार म्हणतात. तुम्ही हसायचात. "मसल कसली, म्हातारी हाय ती. गुडघं धरून उठते." गाडीला तुम्ही गारीच म्हणायचात, आणि तिच्याबद्दल बोलताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईबद्दल बोलावं तसं बोलायचात.

तेराव्याला मांडव शेडच्या तोंडाशीच घातला होता. जेवायला बसलेल्या माणसांच्या नजरेसमोर ती राखाडी गाडी. तुमचा एक चुलत भाऊ पानावरून उठता उठता म्हणाला, "जनूनं गावभरच्या गाऱ्या रंगवल्या, आपली नागवीच ठेवली." कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. वहिनींनी ऐकलं. पाहुणे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"तानाजी, ती राख फासलेली गारी मना बगवत नाय. पावसाच्या आंदी तिला रंग मार."

"कोणता, वहिनी?"

"मना काय इचारतोस? तू रोज त्यांच्यासंग व्हतास. तुला ठावं."

तुमच्या प्राचीचंही तेच. बेलापूरहून बँकेतनं थकून आलेली ती, पायरीवर बसून म्हणाली, "बाबांनी तुम्हाला सांगितलंच असणार ना, तानाजीदादा?" सगळ्यांना वाटत होतं, मला ठाऊक आहे. आणि मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. घाई मात्र खरी होती. प्रायमर हा रंगाखालचा थर, तो रंग धरून ठेवायला असतो, पाणी अडवायला नाही. तो पाणी पितो. शेडचं छप्पर गेल्या वर्षीच दोन ठिकाणी गळायला लागलं होतं, आणि आपल्याकडची हवा खारट. आणखी एक पावसाळा ती तशीच उभी राहिली असती तर चाकांच्या वरचा पत्रा हाताने मोडता आला असता. म्हणजे रंग ठरला नाही तर गाडीच जाणार होती. आणि तो ठरवायचं माझ्यावर आलं होतं. ज्याचं आणि तुमचं रंगाच्या बाबतीत एका गाडीपुरतंही कधी जमलं नाही, त्याच्यावर.

*

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते सानपाड्याच्या रंगाच्या दुकानात. मी काउंटरमागे डबे ढवळत होतो. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मीच पहिला. वडील वाशीच्या मार्केटात गोणी उचलायचे, आई आणि आम्ही भावंडं साताऱ्याकडे गावीच. तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि तळोज्याच्या कंपन्यांच्या गेटवर अर्ज देत फिरलो. शेवटी रंगाच्या दुकानात लागलो. तुम्ही एका फियाटच्या बॉनेटखालून कापलेला चार बोटांचा पत्रा घेऊन आलात आणि म्हणालात, "हा रंग पायजे. याच्यासारखा नको, हाच पायजे."

मी मशीनवर धरून रंग काढला. तुम्ही बाहेर उन्हात नेऊन पाहिला, परत आणलात. मी परत काढला. तुम्ही परत नेलात. दुकानाचा मालक वैतागला. संध्याकाळी दुकान बंद होताना तुम्ही म्हणालात, "आता झाला." आणि मग, "किती शिकलास?" मी सांगितलं. तुम्ही डबा उचलून निघालात. आठवड्याने परत आलात ते मला न्यायला.

वडिलांना पटलं नव्हतं. "बी.एस्सी. होऊन गाड्या रंगवणार?" तुम्ही आमच्या खोलीवर येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसलात. त्यांना काय सांगितलंत ते मी चहा आणायला गेलो म्हणून ऐकलं नाही. परत आलो तर तुम्ही दोघं आपापल्या गावच्या बैलांच्या गोष्टी काढून बसला होतात. माझं पदवीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा आमच्या खोलीत ते टांगायला धड भिंत नव्हती. तुम्ही ते फ्रेम करून आणलंत आणि रंगाच्या खोलीत, शेड कार्डांच्या वर, खिळा ठोकून लावलंत. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मान वर करायला लावायचात. "बघा. आमचा पेंटर केमिस्ट हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या वेळी तुम्हाला थांबवलं नाही, हे किती बरं झालं. माझ्या वडिलांनी ते सर्टिफिकेट पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्याच भिंतीवर. खूप वेळ त्याखाली उभे होते. त्यांना ते वाचता येत नव्हतं.

*

तुमचा नियम एकच. गाडी कारखान्यातून ज्या रंगात निघाली त्याच रंगात ती गॅरेजमधून जाणार. तो रंग शोधायची तुमची पद्धत मी तुमच्याकडूनच शिकलो. वरचा रंग बघायचाच नाही, तो ऊन आणि मालक यांनी बिघडवलेला असतो. जिथे ऊन जात नाही आणि कुणी पुन्हा रंग मारायचे कष्ट घेत नाही, तिथे बघायचं. दरवाजाचं पॅड काढून आतल्या बाजूला, डॅशबोर्डच्या पाठीमागे, डिकीच्या रबराखाली. तिथे मूळचा रंग जसाच्या तसा बसलेला असतो. तुम्ही टॉर्च धरायचात आणि आवाज आपोआप खाली यायचा. "हा बघ. हितं लपलाय."

मला तुमचं म्हणणं कळायचं, पटायचं नाही. आम्हा तिन्ही भावांचे शर्ट एकाच ताग्यातले असत. सणालाही शाळेचाच गणवेश. पहिल्या पगारात मी वाशीच्या फुटपाथवरून जांभळा शर्ट घेतला. वडील म्हणाले, "हा रंग कुणी घालतं का?" मी म्हणालो, "मी घालतो." एवढंच. माझ्या डोक्यात रंगाबद्दलची सगळी समज त्या एका उत्तरातून आलेली आहे. तुमची कुठून आली होती ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुमच्या भाताच्या शेताचं सेक्टर झालं, मिठागराची सोसायटी झाली. तुम्ही त्याबद्दल रडगाणं गायलं नाहीत. पण एकदा एका गिऱ्हाइकाने जुन्या ॲम्बॅसेडरचं मूळचं हँडल काढून नवं चकचकीत बसवायला सांगितलं, तेव्हा तुम्ही इतके संतापलात, की मला वाटलं, हे नुसतं हँडलबद्दल नाही.

ती अमेरिकन गाडी आठवते? नेरुळचे कॅप्टन, आयुष्य बोटीवर काढलेले, निवृत्त होऊन त्यांनी ती कुठून तरी मिळवली होती. खरीखुरी मसल कार. ती आत आली तेव्हा आपल्या शेडमधली भांडी वाजली. त्यांना ती लाल करायची होती. तुम्ही इंजिनच्या बाजूची एक छोटी पत्र्याची पट्टी पुसलीत. तिच्यावर कारखान्याने रंगाचा नंबर कोरलेला. मी नेटवर शोधला. निघाला तपकिरी. ओल्या शेणखतासारखा, त्यात सोनेरी कण.

कॅप्टन म्हणाले, "मला लहानपणापासून लाल हवी आहे."

तुम्ही म्हणालात, "तुमच्या लहानपनी ही गारी तुमची नव्हती."

मी मध्ये पडलो. "दादा, त्या कारखान्यात कुणीतरी कागदावर टिक केली असेल. त्या एका खुणेला एवढा मान?"

"जल्माचा दाखला हाय तो. तू तुझ्या दाखल्यावरचं नाव बदलशील?"

"बदलतात की लोक. गॅझेटमध्ये देतात."

"मंग जा गॅझेटात. हितं कशाला बसलास?"

कॅप्टन हसले आणि हसता हसता हरले. गाडी तपकिरी झाली. काम असं झालं होतं की पुण्याहून लोक बघायला आले. पण त्यानंतर कॅप्टन जितक्या वेळा सर्व्हिसिंगला आले, मी एक बघत राहिलो. ते गाडी लावायचे, दरवाजा लावायचे आणि सरळ चहाच्या टपरीकडे चालायला लागायचे. ज्याची गाडी त्याच्या मनातली असते तो दहा पावलांवर जाऊन एकदा मागे बघतोच. रिक्षावालाही बघतो. कॅप्टननी कधी बघितलं नाही. मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पाना पुसत म्हणालात, "गारी चालवाला हाय का बघाला?"

"दोन्हीला, दादा."

"तू लय शिकलास," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. तुमचं हे वाक्य आलं की समजायचं, आता उत्तर सापडत नाहीये.

दिवाळे कोळीवाड्यातही एकदा असंच. तुम्हाला निवट्या, ती खाडीच्या चिखलातली मासळी, हव्या होत्या म्हणून सकाळीच निघालो होतो. खाडीच्या काठावर तुमच्या ओळखीचे नाखवा होडीला रंग लावत बसले होते. वरची पट्टी पिवळी, खाली हिरवा, नाकावर लाल डोळा. मी मुद्दाम विचारलं, "नाखवा, हिचा मूळचा रंग कोणता होता?"

नाखव्यांनी ब्रश थांबवला. "मूलचा? मूलचा लाकूड हाय. रंग आमचा."

त्यांची बायको टोपली उचलता उचलता म्हणाली, "गेल्या साली निली होती. यो बोलला, निलीला मासली गावली नाय. मासली काय रंग बघून येते?" आणि तुमच्याकडे बघून, "जनूदादा, तुमची गारी रंगली का नाय अजून? का लाकराचीच ठेवनार?"

तुम्ही निवट्यांचे पैसे दिलेत आणि निघालात. बेलापूर मागे पडलं. मग एकदम म्हणालात, "होरी येगली, गारी येगली."

"ती कशी?"

"होरी तो सोता बनवतो. मंग रंग त्याचाच. गारी आपुन बनवली काय? दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर आपुन कोन?"

मी तुम्हाला तेव्हा हे कबूल करायला हवं होतं, की तुमचं बरोबर असू शकेल. वादात आपण इतके रमलो होतो, की कबूल करायची सवयच राहिली नाही.

*

नाखव्याच्या बायकोने ज्या गाडीवरून टोमणा मारला, तिची गोष्ट मात्र आपण दोघांनी गावापासून झाकूनच ठेवली होती.

तुमची कॉन्टेसा मरून रंगाची होती. सगळ्या नावड्याला ती मरून म्हणूनच माहीत. तुम्ही ती तरणे असताना पनवेलच्या एका माणसाकडून घेतली होती, वहिनींना लग्न करून तिच्यातून आणलं होतं, तुमच्या वडिलांना शेवटचं दवाखान्यात तिच्यातूनच नेलं होतं. कुठे ओरखडा पडला की तुम्ही मरूनचा डबा घेऊन बसायचात. लोकांना सांगायचात, "कारखान्याचा रंग हाय. एक पन कोट बदललेला नाय." दुसऱ्यांच्या गाड्या उघडण्यात जन्म गेला, आपल्या गाडीच्या पॅडला तुम्ही कधी स्क्रू ड्रायव्हर लावला नव्हता.

मग तिला पूर्ण नवी करायला घेतली. दरवाजाचं पॅड मी काढलं. आतमध्ये पांढरा. जरासा दुधाळ, स्वच्छ, कालच मारल्यासारखा.

तुम्ही टॉर्च घेतलात. "दरवाजा बदललेला असंल."

दुसरा उघडला. पांढरा. डिकीच्या रबराखाली पांढरा. डॅशबोर्डच्या मागे हात घालून तुम्ही स्वतः बघितलंत आणि तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर, बराच वेळ राहिलात. बाहेर आलात तेव्हा म्हणालात, "चाय सांग."

पनवेलच्या माणसाने विकण्याआधी रंग बदलला होता. एवढंच झालं होतं. पण तुम्ही त्यानंतर घाईने, कुणी मागे लागल्यासारखं, सगळा मरून घासून काढलात. मी म्हणालो, एक हातभर तरी नमुन्याला ठेवू. तुम्ही ऐकलं नाहीत. सगळीकडून पत्रा मोकळा झाला, मी प्रायमर मारला, आणि रंगाची वेळ आली तेव्हा तुम्ही हात धुवायला गेलात.

"दादा, मरूनच मारू," मी म्हणालो. "तुमची गाडी मरूनच आहे. तुमचं सगळं त्या रंगात झालंय."

"आन कॅप्टनला काय सांगू? त्याला शेन फासलं ना मी."

"मग पांढरी करू. तुमच्या नियमाने."

तुम्ही टॉवेलला हात पुसत राहिलात. "पांढरी गारी माजी नाय."

त्या दिवसानंतर हा विषय काढला की तुम्ही बाहेर जायचात. मी समजत होतो की तुम्ही तुमच्याच नियमात अडकलात. थोडं हसूही यायचं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी जे तोंडाने सांगत होतो ते एका स्क्रू ड्रायव्हरने करून दाखवलं होतं. मी वाट बघत होतो की एक दिवस तुम्ही येऊन म्हणाल, "केमिस्ट, तुझंच खरं." तुम्ही नाही म्हणालात. मीही नंतर विचारायचं सोडलं. गाडी तशीच राहिली आणि आपल्याला ती तशी दिसायची सवय झाली.

*

म्हणून वहिनींनी रंग मारायला सांगितलं, तेव्हा मी आधी मरूनच धरून चाललो. जिंकल्यासारखं नाही, तुमच्यासाठी म्हणून. लग्नाचा फोटो मागायला घरी गेलो, रंग जुळवायला. प्राचीने तीन फोटो काढून दिले. तिन्हीत तीन मरून. एकात विटेसारखा, एकात जांभळट, एकात जवळजवळ काळा.

"वहिनी, यातला कुठला जवळचा?"

त्यांनी फोटो लांब धरून पाहिले आणि ओट्यावर ठेवले. "यातला कंचा पन नको. मना तो रंग कंदी आवडला नाय. सुकल्या रगतासारखा. लग्नात त्या गारीत मना वकारी झाली, पनवेलपासून नावड्यापर्यंत तोंड खिडकीभाईर."

प्राची म्हणाली, "आई, हे तू कधी बाबांना सांगितलं नाहीस?"

"त्यांची गारी. मी काय सांगू?"

मग पांढरा, मी म्हणालो. कारखान्याचा आहे. दादांचा नियमही राहील.

वहिनी तांदळाचं भांडं खाली ठेवून मला घेऊन मागच्या पडवीत गेल्या. तिथे कपडे वाळत घालायची तार आहे, तुम्हाला माहीत आहे. तारेच्या एका टोकाला अजूनही लोखंडाचे आकडे लोंबतायत.

"हितं ते पत्रं टांगायचं," वहिनी म्हणाल्या. "रंगाचं. आज निला, उद्या हिरवा. मना वाटं, कामाचं असंल. मी सरकवून सरकवून कपडं घाली."

दादा, ते पत्रे मीच मारून दिले होते. वीतभर पत्र्यावर रंग, तुम्ही म्हणायचात, गिऱ्हाइकाला दाखवायचाय. बाटलीचा हिरवा, आकाशी, मोहरीचा पिवळा, मोरपिशी. त्यातला कुठलाही कुठल्याच कॉन्टेसाच्या कारखान्याचा नव्हता. मला तेव्हा नवलही वाटलं नाही, मी डबे ढवळत राहिलो. आणि तुम्ही ते घरी नेऊन वहिनींच्या कपड्यांच्या तारेला टांगत होता, त्या येता जाता बघतील अशा उंचीवर.

प्राची दारात उभी होती. "बाबा उन्हात रंग बघत असतील. त्यांची पद्धतच होती ती."

"ऊन गॅरेजवर पन हाय ना," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी पदराने तार पुसली, उगाचच. "एकदा इचारलं असतं तर मी काय नाय बोलले असते काय?" हे त्या मला विचारत नव्हत्या.

तुम्ही का विचारलं नाहीत? मी स्वतःला बजावतो की मला नक्की माहीत नाही. कदाचित प्राचीचंच बरोबर असेल, तुम्ही उन्हातच बघत असाल. पण माझ्याशी रंगावरून इतकं भांडलेला माणूस, माझ्यासमोर शब्द मागे घेता आला नसता म्हणून असेल, घरी जाऊन बायकोच्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघत होता, असं मला वाटतं. आणि त्या बिचाऱ्या समजत राहिल्या की ही दुसऱ्याच्या गाडीची कामं आहेत.

मी विचारलं, "ते पत्रे आहेत का कुठे?"

"भंगारवाल्याला दिले. ह्यो एक ठेवला." त्यांनी मोरीकडे बोट केलं. पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून मोरपिशी पत्रा होता. "बरा दिसतो म्हनून. बाकीचं दिलं."

दादा, त्या पिंपातून तुम्ही रोज पाणी घेत होता. तुम्हाला उत्तर मिळालेलं होतं. मग गाडी तशीच का ठेवलीत? हा एकच प्रश्न राहिलाय माझा. तुम्ही समोर असता तर "तू लय शिकलास" म्हणाला असता.

"हा मार," वहिनी म्हणाल्या.

प्राची म्हणाली, "आई, मोरपिशी कॉन्टेसा? लोक काय म्हणतील? हा रंग घेऊन कुणी आलं असतं तर बाबांनी त्याला हाकलून दिलं असतं."

"मना नसतं हाकललं."

*

पत्रा गॅरेजवर आणला आणि मशीनला लावला. आणखी एक घोळ. मी जो रंग त्या वेळी मारला होता त्याचं प्रमाण माझ्याकडे होतं, तसाच्या तसा काढता आला असता. पण पिंपावरच्या पत्र्याचा रंग उन्हाने, पाण्याने उतरलेला. जास्त फिकट, थोडा हिरव्याकडे झुकलेला. मूळचा रंग एक, आणि वहिनींना रोज दिसत आलेला रंग दुसरा. मी दोन नमुने करून घरी नेले आणि काही न सांगता ओट्यावर ठेवले. वहिनींनी उतरलेल्यावर हात ठेवला. मूळच्याकडे बघितलंही नाही.

आयुष्यभर मी हेच तर म्हणत होतो, ज्याला बघायचाय त्याचा रंग. मला आनंद व्हायला हवा होता. वाद जिंकायला समोर माणूस लागतो. रंग ढवळताना मला तुमच्या बाजूनेच सगळे मुद्दे सुचत होते. दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर आपण कोण? कॅप्टनना काय सांगायचं? तुमच्याइतकं चांगलं मला मांडता येत नाही, पण मांडलं. उत्तर द्यायलाही मीच होतो.

शेड धुऊन घेतली, जमिनीवर पाणी मारलं, म्हणजे धूळ उडायला नको. गाडी पुसली. पहिला हात मारला तेव्हा राखाडी अजून खालून दिसत होता. दुसऱ्या हाताला बॉनेट भरलं. तिसऱ्याला सगळी गाडी मोरपिशी झाली, मॅट, धूसर, चमक नसलेली. बेस कोट नेहमी असाच दिसतो. त्यावर क्लिअर, म्हणजे चमकीचा पारदर्शक थर, बसला की रंग उठतो, आणि एकदा क्लिअर बसला की मग काही बदलता येत नाही, सगळं घासूनच काढावं लागतं. त्या दोन थरांमध्ये थोडा वेळ थांबायचं असतं, रंग स्पर्शाला कोरडा होईपर्यंत. याच वेळात तुम्ही यायचात. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचात, आणि एखादा डाग, रंगाची एखादी ओघळलेली रेघ, काहीतरी काढायचातच. "हितं बघ. हितं धावलाय." मी चिडायचो. पुसून परत मारायचो. तुमची फेरी झाल्याशिवाय मी कधी क्लिअर मारला नाही.

वहिनी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, नाकाला पदर लावून. प्राची मागे उभी. वहिनींनी विचारलं, "झाला?"

"थांबायचं थोडं," मी म्हणालो.

मी थांबलो. बोटाने काचेभोवतीच्या टेपच्या कडेवर दाबून पाहिलं, रंग बोटाला लागला नाही. वेळ झाली होती. तरी थांबलो. गाडीभोवती एक फेरी मारली, तुम्ही मारायचात तशी नाही, माझी माझी. मागच्या चाकाच्या वर एक रेघ किंचित धावली होती. ती तुम्ही सोडली नसती. मी ती पुसली, घासली, परत मारली. परत थांबलो. बाहेर तळोज्याकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज होत होता आणि कंप्रेसर भरून आपोआप बंद झाला.

"आता कुनाची वाट बगतोस?" वहिनींनी विचारलं.

मी मास्क वर ओढला आणि क्लिअर मारायला घेतला.